पत्रांतली मिलेना आणि पत्रकार मिलेना

फ्रान्झ काफ्का या लेखकाच्या पत्रांतलं एखादं व्याकूळ वाक्य, शेजारी चेक पत्रकार मिलेना येसेन्स्काचा फोटो आणि वर मथळा : ‘मिलेनाने काफ्काला लिहिलेलं पत्र’. असल्या पोस्ट सतत फिरत असतात. वाक्य काफ्काचं आणि नाव तिचं. काफ्का मनापासून वाचणारे लोकही त्या पुढे पाठवतात, याचा मला खरोखर राग येतो. म्हणून एकदा नीट मांडून ठेवते.

पत्रांतली मिलेना बहुतेकांना ठाऊक आहे. व्हिएन्नात राहणारी, एर्न्स्ट पोलाकशी लग्न झालेली, विशीतली तरुणी. १९२० साली तिने काफ्काची ‘द स्टोकर’ ही जर्मन कथा चेक भाषेत आणली आणि त्या निमित्ताने पत्रव्यवहार वाढला. व्हिएन्नात चार दिवसांची भेट, मग ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या ग्म्युंड गावी एक फसलेली भेट, आणि वर्ष संपेपर्यंत सगळं मिटत आलेलं. एवढं पुरे.

खरा घोळ पुढे आहे. काफ्काची ही पत्रं ‘लेटर्स टू मिलेना’ या पुस्तकात आहेत; त्यात मिलेनाने काफ्काला लिहिलेलं एकही पत्र नाही. तिने काफ्काला लिहिलेली पत्रं उरलीच नाहीत. तो जर्मनमध्ये लिहायचा आणि तिने चेकमध्येच लिहावं असा त्याचा आग्रह असायचा. १९५२ साली छापली गेली ती फक्त त्याची बाजू, तीही काटछाट करून. म्हणजे ‘मला मिलेना आवडते’ असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर काफ्काने रंगवलेली मिलेना आपल्याला आवडत असते. तिचे शब्द आपण त्याच्या उत्तरांवरून ताडतो. तो घाबरला की ती आपल्याला उग्र वाटते, तो शरण गेला की ती तारणहार वाटते. त्याने आपला लेखक मित्र मॅक्स ब्रोडला लिहिलं होतं की ती जिवंत आग आहे. वाक्य सुंदर आहे, पण त्यातून तिच्यापेक्षा त्याचीच अवस्था जास्त कळते.

तिचा आवाज ऐकायचा असेल तर तिने ब्रोडला लिहिलेली पत्रं वाचावीत. ती टिकली आहेत. नवऱ्याला सोडून आपण काफ्काकडे का गेलो नाही, हे तिने त्यांत सरळ सांगितलंय : त्याचं वैराग्याचं जगणं आपल्याला जन्मभर पेलणार नाही, आपल्याला मूल हवं आहे, मातीला धरून असलेलं आयुष्य हवं आहे. स्वतःला इतकं स्वच्छ ओळखणारी बाई काफ्काच्या पत्रांत कुठेच भेटत नाही. भेटणार तरी कशी?

आणि इथेच मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट येते. ‘तिची पत्रं हरवली, म्हणून ती मुकी राहिली’ असा हळवा सूर लावला जातो. मुकी? ही बाई पोटासाठी वर्तमानपत्रांत लिहीत होती. आधी ‘ट्रिबुना’, मग ‘नारोद्नी लिस्टी’. कपडे, घर, स्वयंपाक, व्हिएन्नातली उपासमार, जे समोर असेल त्यावर. जून १९२४ मध्ये काफ्का गेला, तेव्हा ‘नारोद्नी लिस्टी’तला मृत्युलेख तिनेच लिहिला. स्वतःच्या नात्याचा तिने त्यात उल्लेखही केला नाही. तो कसा लेखक होता, एवढंच लिहिलं. त्या काळात त्याची थोरवी इतकी नेमकी ओळखणारे फार थोडे होते.

१९३७ पासून ती ‘प्रीतोम्नोस्त’ या साप्ताहिकात लिहू लागली. संपादक फर्डिनांड पेरौत्का. कम्युनिस्ट पक्षाशी तिचं तोवर फाटलं होतं. जर्मनीतून पळून आलेले निर्वासित आणि चेकोस्लोव्हाकियाच्या जर्मनभाषक सुडेटेन भागात काय चाललंय, हे तिने तिथे लिहिलं. १५ मार्च १९३९ ला जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं, त्या सकाळचा तिचा वृत्तांत तर प्रत्येक पत्रकाराने वाचावा. मुलं नेहमीसारखी शाळेत जातात, कामगार कामावर जातात. रडणाऱ्या एका मुलीला एक जर्मन शिपाई समजावतो की बाई, यात आमचा काय दोष! तो शिपाई तिने राक्षस करून ठेवलेला नाही, म्हणूनच ते वाचताना अंगावर काटा येतो. पेरौत्काला अटक झाल्यावर अंक तिनेच सांभाळला, बंदी येईपर्यंत.

दुसरा घोळ लहान आहे, पण चीड आणणारा आहे. ती छळछावणीत मेली, म्हणून ती ज्यू होती असं बेधडक लिहिलं जातं. ती ज्यू नव्हती. प्रागच्या एका चेक दंतवैद्य प्राध्यापकाची ही मुलगी. तिने लोकांना देशाबाहेर पडायला मदत केली, ‘व् बोय’ या भूमिगत पत्राचं काम केलं, म्हणून नोव्हेंबर १९३९ मध्ये गेस्टापोने तिला पकडलं. १७ मे १९४४ रोजी ती राव्हेन्सब्र्युकच्या छावणीत मूत्रपिंडाच्या आजाराने गेली, तेव्हा काफ्काला जाऊन वीस वर्षं होत आली होती. तिच्या मृत्यूचा त्या प्रेमकथेशी काडीचा संबंध नाही. काफ्काच्या तिन्ही बहिणींना ज्यू म्हणून मारण्यात आलं. लोक बहुधा तीच हकिगत हिला चिकटवतात. आणि शेवटच्या दिवसांत काफ्काच्या उशाशी होती ती डोरा डायमंट. तिला मिलेना समजणाऱ्यांना आणखी काय सांगायचं!

माझं ठाम मत असं की पत्रांचं पुस्तक काफ्कासाठी वाचावं आणि मिलेनासाठी तिचे लेख. लेखांचा निवडक संग्रह इंग्रजीत मिळतो. सुरुवात मृत्युलेखापासून करावी आणि मग थेट मार्च १९३९ वर जावं. फॅशनवरचे लेख नंतर वाचले तरी चालतील, पण ते वगळू नयेत. साध्या वस्तूंकडे बघायची जी नजर तिने तिथे कमावली, तीच प्रागच्या त्या सकाळी तिच्या कामी आली.