‘ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड’ : एका अपेक्षाभंगाची दहा वर्षे

‘ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड’ हा अद्भुतरम्य रोल-प्लेइंग, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा, गेम 31 ऑक्टोबर 2024 रोजी, ऐन नरक चतुर्दशीला, प्रसिद्ध झाला. मुंबईत दिवाळीची सुट्टी होती आणि या मालिकेचे इथले जुने चाहते दहा वर्षे नव्या भागाची वाट पाहत होते. पुढच्या जानेवारीत प्रकाशक इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने जाहीर केले की त्या तिमाहीत हा गेम सुमारे 15 लाख खेळाडूंपर्यंत पोहोचला आणि हा आकडा अपेक्षेपेक्षा जवळजवळ 50 टक्क्यांनी कमी होता. समीक्षकांनी मात्र त्याला अगदी वाईट लेखले नव्हते. तांत्रिकदृष्ट्या तर तो त्या वर्षीच्या कित्येक मोठ्या गेमपेक्षा अधिक स्थिर होता. तरीही चाहत्यांना तो परका का वाटला, याचे उत्तर, अनेक जण दोष देतात त्या शेवटच्या वर्षातल्या संवादलेखनात शोधण्यापेक्षा त्याआधीच्या घडामोडींत शोधणे मला अधिक योग्य वाटते.

हा गेम बनवणारी बायोवेअर ही कंपनी 1995 मध्ये कॅनडातील एडमंटन येथे स्थापन झाली. तिचे संस्थापक पेशाने डॉक्टर होते, ही एक गमतीची बाब. 1998 च्या ‘बाल्डर्स गेट’ने तिचे नाव झाले, 2008 च्या सुरुवातीस ती इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या मालकीची झाली आणि 2009 मध्ये ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ आला. आपले पात्र कोणत्या घरात जन्मले यानुसार खेळाची सुरुवात बदलणे, चौघांच्या तुकडीतील प्रत्येकाला लढाई थांबवून स्वतंत्र आज्ञा देता येणे आणि घेतलेल्या निर्णयाची किंमत बऱ्याच काळाने मोजावी लागणे, ही त्याची वैशिष्ट्ये होती. दुसरा भाग 2011 मध्ये घाईने उरकलेला होता आणि त्यात पुन्हा पुन्हा वापरलेल्या त्याच त्या गुहा चाहत्यांच्या आजही स्मरणात आहेत.

तिसऱ्या भागाशी, म्हणजे ‘इन्क्विझिशन’शी, मुंबईच्या खेळाडूंचे नाते थोडे वेगळे आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये, प्रकाशनाच्या तोंडावर, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने स्थानिक अश्लीलताविषयक कायद्यांचा भंग टाळण्याचे कारण देऊन हा गेम भारतातील विक्रीतून मागे घेतला आणि आगाऊ नोंदणी करणाऱ्यांचे पैसे परत केले. सरकारने बंदी घातलेली नव्हती. कंपनीने स्वतःहूनच माघार घेतली होती. नेमका कोणता भाग आक्षेपार्ह, हे तिने सांगितले नाही. समलिंगी प्रेमसंबंधांमुळे हे घडले असावे असा तर्क तेव्हा सर्रास केला गेला, कारण 2013 च्या डिसेंबरमध्येच सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 पुन्हा लागू केले होते; पण तसे संबंध असलेला याच कंपनीचा ‘मास इफेक्ट 3’ 2012 मध्ये इथे विकला गेला होता, हे त्या तर्कात बसत नाही. परिणाम एवढाच, की त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम म्हणून ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये गौरवला गेलेला हा भाग लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत रीतसर मिळू शकला नाही आणि ज्यांना तो हवा होता त्यांना परदेशातून येणाऱ्या कुणाला तरी गळ घालावी लागली.

‘इन्क्विझिशन’चे अखेरचे विस्तारप्रकरण सप्टेंबर 2015 मध्ये आले आणि सोलास या सोबत्यालाच पुढचा प्रतिनायक ठरवून कथा अर्धवट ठेवून गेले. त्यानंतर ‘जॉप्लिन’ या सांकेतिक नावाने पुढच्या भागाचे काम सुरू झाले. मालिकेतल्या काल्पनिक टेव्हिंटर साम्राज्यात वावरणारी हेरांची टोळी, लहान आवाका आणि निर्णयांचे अधिक खोलवर जाणारे परिणाम, अशी त्याची कल्पना होती. ऑक्टोबर 2017 मध्ये हे काम रद्द करून बहुतेक माणसे बायोवेअरच्याच, अडचणीत सापडलेल्या ‘अँथम’ या ऑनलाइन गेमकडे वळवण्यात आली, त्याच सुमारास सर्जनशील दिग्दर्शक माइक लेडलॉ यांनी कंपनी सोडली आणि उरलेल्या छोट्या चमूने ‘मॉरिसन’ या नावाने नवा आराखडा हाती घेतला. तो ‘अँथम’च्याच तांत्रिक पायावर उभा होता आणि त्यात अनेकांनी ऑनलाइन एकत्र खेळण्याची, दीर्घकाळ कमाई देत राहण्याची सोय अपेक्षित होती. फेब्रुवारी 2019 मध्ये ‘अँथम’ आपटला, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्याच ‘स्टार वॉर्स जेडाय : फॉलन ऑर्डर’ या एकट्याने खेळायच्या गेमला भरघोस यश मिळाले, आणि 2021 च्या सुरुवातीस बायोवेअरला बहुखेळाडू भाग वगळण्याची मुभा मिळाली. त्याच्या थोडेच आधी, डिसेंबर 2020 मध्ये, मालिकेचे निर्माते मार्क डॅरा हेही बाहेर पडले होते.

पुनर्विकासात अडकलेल्या चाळीचा नकाशा विकासक बदलला की बदलतो, जोते मात्र आधीचेच राहते. इथेही बहुधा तसेच झाले. तयार गेममध्ये सोबत दोघेच येतात, त्यांच्यावर थेट ताबा मिळत नाही, ते लढाईत मरत नाहीत आणि एका मध्यवर्ती तळावरून मोहिमांवर जाऊन परत यायचे असते. एकत्र खेळण्यासाठी आखलेल्या गेमची ही ठेवण आहे, असे मला वाटते. त्याहून अधिक खटकते ते निर्णयांचे. आधीच्या भागांतले शेकडो निर्णय नोंदवून ठेवण्यासाठी 2014 मध्ये ‘ड्रॅगन एज कीप’ हे स्वतंत्र संकेतस्थळ उभारले गेले होते. ‘व्हेलगार्ड’ने त्याचा उपयोगच केला नाही आणि ‘इन्क्विझिशन’मधील फक्त तीन निवडी विचारल्या. पहिल्या दोन भागांत कुणाला राज्यावर बसवले, कुणाचा बळी दिला, याला इथे काहीच अर्थ उरला नाही. ज्यांनी ‘इन्क्विझिशन’ एवढ्या खटपटीने मिळवला होता, त्यांना हे सर्वांत जास्त लागले असल्यास नवल नाही.

दरम्यान, ऑगस्ट 2023 मध्ये बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने ‘बाल्डर्स गेट 3’ आणून बायोवेअरचीच जुनी पद्धत किती लोकप्रिय होऊ शकते हे दाखवले होते. योगायोग असा की त्याच महिन्यात बायोवेअरने सुमारे 50 जणांना कामावरून कमी केले. वॅरिक हे लाडके पात्र लिहिणाऱ्या मेरी कर्बी त्यांत होत्या. नव्या भागाचे ‘ड्रेडवुल्फ’ हे 2022 मध्ये जाहीर केलेले नावही जून 2024 मध्ये बदलून ‘द व्हेलगार्ड’ झाले.

विक्रीचा आकडा जाहीर झाल्यावर जानेवारी 2025 संपता संपता बायोवेअरची फेररचना झाली. काही जण इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या अन्य स्टुडिओंत गेले, काहींच्या नोकऱ्या गेल्या. फेब्रुवारीत इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे मुख्य कार्यकारी अधिकारी अँड्र्यू विल्सन यांनी गुंतवणूकदारांना सांगितले की खेळाडूंना आता दर्जेदार कथेबरोबर सामायिक जगाची वैशिष्ट्येही हवी असतात आणि म्हणून हा गेम पुरेशा व्यापक वर्गापर्यंत पोहोचू शकला नाही. 2017 ते 2020 ही वर्षे नेमक्या त्याच कल्पनेवर खर्ची पडली होती, याचा उल्लेख त्या स्पष्टीकरणात नव्हता. त्यानंतर महिन्याभरातच ‘व्हेलगार्ड’ प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या वर्गणी-सेवेच्या सभासदांना वर्गणीतच, वेगळी किंमत न आकारता देण्यात आला.