ग्रॅन्युलोमा दिसला म्हणजे टीबीच का? स्तनातल्या दोन फसव्या गाठी

लॅबच्या खिडकीशी एक तिशीतली बाई आणि तिची नणंद उभ्या होत्या. बाहेर पाऊस नुसता ओतत होता, रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. "मॅडम, टीबी हाय म्हणत्यात. पण मला ना खोकला, ना ताप. थानात कसा ओ टीबी हुईल?" मी रिपोर्ट बघितला. तो आमचाच होता, आणि त्यात टीबी झाल्याचं कुठेच म्हटलेलं नव्हतं. 'ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस', म्हणजे ग्रॅन्युलोमा नावाची पेशींची कडी असलेला स्तनाचा दाह, एवढंच निदान होतं आणि खाली 'टीबीच्या तपासण्यांशी ताडून पाहावे' अशी एक ओळ. खिडकीपर्यंत येईस्तोवर वाटेत कुणीतरी त्याचा अर्थ टीबी लावून टाकला होता. सहा महिन्यांच्या कोर्सची पहिली पाकिटं नणंदेच्या पर्समध्ये होती.

कोल्हापुरात पॅथॉलॉजीचं काम करताना ही गल्लत अधूनमधून समोर येतेच. स्तनाचा टीबी आणि ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, दोन्ही आजार विरळ, पण एकमेकांची हुबेहूब नक्कल करणारे. आणि एकाचं औषध दुसऱ्याला बाधणारं. म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर आधी. स्तनात टीबी होतो. अ‍ॅस्टली कूपर या इंग्लिश सर्जननं त्याचं वर्णन १८२९ मध्येच केलं होतं, म्हणजे कॉखनं टीबीचा जंतू शोधायच्या ५३ वर्षं आधी. जंतू बहुतेकदा काखेतल्या लसिकाग्रंथींतून उलट्या वाटेनं स्तनात उतरतो, कधी रक्तातून येतो, कधी बरगडीच्या टीबीतून. फुप्फुसं स्वच्छ असली तरी हे होऊ शकतं, त्यामुळे छातीचा एक्सरे चांगला आला म्हणून टीबी बाद होत नाही.

दुसऱ्या आजाराचं पूर्ण नाव इडिओपॅथिक ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. 'इडिओपॅथिक' म्हणजे कारण ठाऊक नाही, हे सांगायची डॉक्टरी पद्धत. केसलर आणि वोलॉक यांनी हा वेगळा आजार म्हणून मांडला तो १९७२ मध्ये. त्याआधी अशा गाठी कुणाच्या खात्यावर जमा होत असतील, याचा अंदाज करायला फार हुशारी लागत नाही. जगातले साधारण पाव टीबी रुग्ण ज्या देशात आहेत तिथे तर नाहीच नाही.

दोन्हींत स्तनात गाठ होते, कातडी लाल होते, पू धरतो, भोक पडून तो वाहत राहतो, बोंडी आत ओढली जाते. लेकुरवाळी बाई असेल तर घरचं पहिलं निदान ठरलेलं: दूध साकळलंय. मग शेक, मग अँटिबायोटिकचा एक कोर्स, मग दुसरा, मग चीर देऊन पू काढणं. जखम भरत नाही म्हणून पुन्हा चीर. साध्या गळवाला ही रीत बरोबर आहे. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसमध्ये मात्र प्रत्येक नवी चीर म्हणजे न भरणारी नवी जखम ठरू शकते. चार-चार व्रण घेऊन आलेल्या बाया मी पाहिल्यात. आत साठलेला पू सुईनं ओढून काढून भागत असेल तर तेवढंच करावं.

थोडे धागेदोरे मात्र वेगळे असतात. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस साधारण तिशीच्या आसपास, बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत गाठतो. दुखणं जास्त, सगळं काही आठवड्यांत भराभर वाढतं. काहींना त्याच सुमारास नडगीवर लालसर दुखऱ्या गाठी येतात, गुडघे-घोटे धरतात. बाई त्याचा स्तनाशी संबंध लावत नाही, आणि डॉक्टरनं विचारलं नाही तर सांगतही नाही. प्रोलॅक्टिन हे दुधाचं संप्रेरक वाढलेलं असणं हाही एक दुवा. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ रिस्पेरिडोननं, ते वाढतं. त्यामुळे चालू औषधांची सगळी पाकिटं दाखवावीत, 'ती डोक्याची गोळी' लपवू नये.

टीबीची चाल सहसा संथ. गाठ महिनोन्‌महिने असते, दुखतेच असं नाही, काखेत गाठी लागायची शक्यता जास्त, आणि घरात कुणाला टीबी होऊन गेलेला असू शकतो. पण हे सगळे कल आहेत, पुरावे नव्हेत. वाकड्या चालीनं येणारे दोन्हीकडे भेटतात.

सोनोग्राफीत ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसचे काळसर पट्टे नळ्यांसारखे एकमेकांत शिरलेले दिसले की अनुभवी रेडिओलॉजिस्टला शंका येते. तरी बऱ्याचदा रिपोर्टवर बायरॅड्स ४ पडतं, म्हणजे कॅन्सरची शंका आहे, तुकडा घ्या. ते योग्यच आहे. काही कॅन्सर लाल, सुजलेल्या स्तनाच्या रूपातच येतात, आणि अँटिबायोटिकनं आठ-पंधरा दिवसांत न बसणारी लाली तपासल्याशिवाय सोडायची नसते. टीबी की दुसरं काही, हा प्रश्न कॅन्सर नाही हे ठरल्यावरचा. त्यासाठी नुसत्या बारीक सुईची एफएनएसी बऱ्याचदा पुरत नाही. जाड सुईची ट्रूकट बायोप्सी लागते, कारण आम्हाला सुट्या पेशी नव्हे, त्यांची मांडणी बघायची असते.

मांडणी म्हणजे काय, ते जरा सविस्तर. खासबाग मैदानात कुस्ती लागली की माणसं हौद्याभोवती कडं करून बसतात, तसा ग्रॅन्युलोमा. शरीराला जे पचवता येत नाही त्याभोवती मॅक्रोफेज जातीच्या पेशी कडं करतात, काही एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी होतात. बाहेर लिंफोसाइटची गर्दी. असं कडं दिसलं की ग्रॅन्युलोमा. कडं कुणाभोवती पडलंय ते त्यावरून कळत नाही. टीबीभोवती पडतं, बुरशीभोवती पडतं, फुटलेल्या दूधनलिकेतून झिरपलेल्या द्रवाभोवती पडतं, सार्कॉइड या कारण न कळलेल्या आजारात तर काहीच सापडत नसताना पडतं.

म्हणून नजर हौद्यात टाकायची. टीबीत मधला भाग मरून गुलाबी, दाणेदार, बिनआकाराचा होतो. नासलेल्या दुधाचा चोथा जसा दिसतो तसा, आणि त्याचं नाव 'केसिएशन' हेही चीजवरूनच पडलं आहे. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसमध्ये असा चोथा सहसा नसतो. तिथे कडी पडलेली असतात ती दूध तयार करणाऱ्या ग्रंथींच्या पुंजक्यांना धरून. एक पुंजका पेटलेला, शेजारचा शांत, असं दृश्य. आणि आत बारीक बारीक पुवाचे साठे.

त्या साठ्यांत कधी कधी एक गंमत सापडते. गोल, रिकामी भोकं असतात, चरबीचे थेंब होते तिथे. स्लाइड बनवताना चरबी विरघळून जाते आणि भोक उरतं. भोकाच्या काठाला न्यूट्रोफिल पेशींची किनार. ग्रॅम स्टेन (जंतू दिसावेत म्हणून द्यायचा रंग) करून तेलाच्या भिंगाखाली ते भोक धरायचं आणि चिकाटीनं फोकस वरखाली करायचा. नशिबात असेल तर आत दोन-चार जांभळ्या काड्या दिसतात. ही कोरिनेबॅक्टेरियम, बऱ्याचदा क्रोपेनस्टेटिआय नावाची जात, चरबीवर जगणारी. साध्या कल्चरमध्ये ती उगवायला कुरकुरते, आणि उगवली तरी 'कातडीवरचा जंतू असेल' म्हणून टाकून दिली जाते. तीच या आजाराचं मूळ की नुसती पाहुणी, यावर वाद चालू आहे. पण अशी भोकं आणि अशा काड्या दिसल्या की मी टीबीच्या निदानापासून बरीच मागे सरकते.

टीबीचे जंतू झील-नील्सन स्टेननं निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या म्हणून दिसतात. दिसले तर उत्तमच, पण स्तनाच्या टीबीत जंतू मुळात मोजकेच असतात, त्यामुळे बहुतेक वेळा स्लाइड कोरीच. कोरी स्लाइड म्हणजे टीबी नाही असं नव्हे.

आता डबीची गोष्ट, कारण घोळ खरा इथेच होतो. बायोप्सीचा तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनच्या डबीत पडतो. सूक्ष्मदर्शकासाठी तेच हवं. पण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, कल्चर शक्यच राहत नाही आणि सीबीनॅट या टीबीच्या डीएनए चाचणीचाही भरवसा कमी होतो. म्हणून किमान एक तुकडा साध्या सलाइनच्या निर्जंतुक डबीत वेगळा लागतो. सुई तेवढीच, फक्त डब्या दोन. सीबीनॅट साधारण दोन तासांत टीबीच्या जंतूचा डीएनए शोधतं आणि रिफॅम्पिसिनला तो दाद देईल का तेही सांगतं. पॉझिटिव्ह आलं की विषय संपला. निगेटिव्ह आलं की मात्र संपत नाही, द्रव कल्चरची ४२ दिवसांपर्यंत वाट बघावी लागते. कातडीत सुई टोचून सूज मोजायच्या मान्टू चाचणीवर मी फारसा भर देत नाही. टीबीचा जंतू अंगात झोपलेली माणसं आपल्याकडे इतकी, की हातावरची सूज काही ठरवत नाही.

एवढा खटाटोप का, तर औषधांमुळे. टीबीला चार औषधं दोन महिने आणि मग तीन औषधं चार महिने, सरकारी केंद्रात मोफत. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस बऱ्याच जणींत काही न करताही काही महिने ते दोनेक वर्षांत विझतो. त्रास जास्त असेल तर स्टेरॉइड, कधी प्रतिकारशक्ती दाबणारं मेथोट्रेक्सेट, जंतू सापडला तर चरबीत शिरणारं डॉक्सिसायक्लिनसारखं अँटिबायोटिक. टीबी असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर आगीत तेल. असं घडलेलं पाहिलंय: 'ग्रॅन्युलोमॅटस' शब्द वाचून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, तीन आठवड्यांत काखेतली गाठ लिंबाएवढी, आणि त्या गाठीचं सीबीनॅट पॉझिटिव्ह.

उलट बाजूला टीबीची औषधं विनाकारण म्हणजे यकृतावर ताण, इथॅम्ब्युटॉलनं नजरेची काळजी, आणि रिफॅम्पिसिननं गर्भनिरोधक गोळ्या निकामी. तिशीतल्या बाईला हे शेवटचं कुणी सांगत नाही! 'देऊन बघू, बरं वाटलं तर टीबीच' हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. आपोआप विझणारा आजार सहा महिन्यांत विझला तर श्रेय कुणाला? शिवाय रिफॅम्पिसिन त्या चरबीप्रेमी जंतूवरही चालतं.

खिडकीतल्या बाईचा सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्येच आला होता. पुन्हा सुई टोचावी लागली, ती वैतागली, नणंद माझ्यावरच चिडली. सीबीनॅट निगेटिव्ह, ४२ दिवसांनी कल्चरही कोरं. दरम्यान मी पहिला तुकडा ज्यात रोवून ठेवला होता त्या जुन्या मेणाच्या ब्लॉकमधून आणखी खोल काप काढायला लावले. तिसऱ्या कापात ते किनारवालं भोक आणि आत तीन जांभळ्या काड्या. पाकिटं परत गेली, सर्जननं डॉक्सिसायक्लिन सुरू केलं, मग थोडं स्टेरॉइड. दिवाळीपर्यंत जखम सुकली. फेब्रुवारीत शेजारी सुपारीएवढी नवी गाठ आली. हा आजार असा उलटतोच, ते तिला आधी सांगून ठेवलं होतं.

त्या वेळी दुसरं मत घ्यायला ती पुण्याला गेली, आणि नवी बायोप्सी न करता आमचे ब्लॉक आणि स्लाइड सही करून घेऊन गेली. परत आणून देताना खिडकीतून डोकावली. "मॅडम, मेणाची वडी मोजून घ्या. आन् पुढच्या बारीला डब्या दोन लागतात, ते मी त्यांस्नी तिकडं सांगून आलोय."