स्टेअरिंग थरथरतंय की नाचतंय?

उसाचा हंगाम तोंडावर आला की आमच्या बीड-माजलगाव पट्ट्यात ट्रकची कामं एकदमच निघतात. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेले असतात, पुढचे टायर गुळगुळीत झालेले असतात. मालक म्हणतो, गाडी उभीच आहे तर दोन्ही उरकून घ्या. चार दिवसांनी ड्रायव्हर परत दारात: "मिस्तरी, स्टेअरिंग हलतंय." मी आधी एवढंच विचारतो, थरथरतंय की नाचतंय?

थरथर बारीक आणि जलद असते, हाताला मुंग्या आल्यासारखी. ठरावीक वेगाला सुरू होते, बहुधा साठ-सत्तरच्या आसपास, आणि रस्ता काचेसारखा गुळगुळीत असला तरी होते. ही चाकाची तक्रार. १०.००-२० या मापाचा ट्रकचा टायर एका फेऱ्यात साधारण सव्वातीन मीटर जातो, म्हणजे साठच्या वेगाला सेकंदाला पाच फेरे. एका बाजूला वजन जास्त असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक धक्का बसतो, आणि वेग दुप्पट झाला की त्या धक्क्याचा जोर चौपट होतो. म्हणून गावातल्या रस्त्यावर काही कळत नाही आणि धुळे-सोलापूर महामार्गाला लागलं की हात थरथरायला लागतात.

बॅलन्सिंगला (वजनं लावून चाक सगळीकडून सारखं करायला) पळण्याआधी डिस्कच्या, म्हणजे टायर बसतो त्या लोखंडी चाकाच्या, आत बघा. आपली काळी माती रानातून निघताना आतल्या बाजूला चिकटते, वाळते आणि दगडासारखी होते. ती खरवडून काढल्यावर थरथर गेलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. मग पुढचा ॲक्सल जॅकवर घ्या, खडू एका जागी घट्ट धरा आणि चाक हाताने फिरवा. खडू एकाच जागी घासला, तर टायर गोल बसलेला नाही किंवा डिस्क वाकलेली आहे. टायरच्या कडेला रिमजवळ एक बारीक रेघ असते, ती सगळीकडून सारख्या अंतरावर दिसायला हवी. एका जागी आत गेली असेल तर हवा काढून टायर पुन्हा बसवा. अशा चाकाला वजनं लावून काही साधत नाही.

नाचणं वेगळं. खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला की स्टेअरिंग डावी-उजवीकडे फडफडायला लागतं, आणि घट्ट धरलं तरी थांबत नाही. वेग बराच उतरवला तरच शांत होतं. हे जास्त धोक्याचं आहे, याच्यावर भरलेली गाडी रस्त्यावर घालू नका. इथे दोष शोधायचा तो किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती), बेअरिंग आणि टाय रॉडच्या (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) ढिलेपणात, नाहीतर कॅस्टरमध्ये.

कॅस्टर म्हणजे किंगपिनचा मागे कललेला कोन. सायकलचा पुढचा चिमटा कललेला असतो म्हणून हात सोडला तरी ती सरळ जाते, तसंच हे. पाटे बदलले की हा कोन हलतो. मागे पाटा वाढवून गाडी मागून उचलली तर पुढचा कॅस्टर कमी होतो. मग स्टेअरिंग हलकं लागतं, वळणानंतर आपोआप परत येत नाही, गाडी रस्त्यावर भटकते. कॅस्टर जास्त झाला तर स्टेअरिंग जड होतं आणि खड्ड्याला चाकं फडफडतात. काही गाड्यांत पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर असते. काढण्याआधी जाड बाजू पुढे होती की मागे, ते खडूने लिहून ठेवा. नवीन असताना एका गाडीला मी पाचर उलटी बसवली आणि दोष टायरवर ढकलून दोनदा बॅलन्सिंग करायला लावलं. त्या ड्रायव्हरचे आठ दिवस बुडाले, ते मला आजही खटकतं.

ढिलेपणा असा बघा: चाक उचलून खाली टामी (लोखंडी पहार) लावा आणि वर दाबा, बरोबर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. टाय रॉडसाठी गाडी जमिनीवरच ठेवा, एकाने स्टेअरिंग थोडं थोडं इकडे-तिकडे करावं आणि दुसऱ्याने खालून सांधे बघावेत.

खरा गोंधळ दोन्ही एकत्र आल्यावर होतो. जुना किंगपिन थोडा ढिला असतोच, पण जुन्या टायरवर तो गप्प असतो. नवीन टायर बॅलन्स नसला की त्याच्या धक्क्याने तोच ढिला सांधा फडफडायला लागतो. टायर बदलल्यावर सुरू झालं म्हणून मालक टायरवाल्याशी भांडतो, आणि तो म्हणतो पाट्याचं काम करणाऱ्याला विचार. अशा वेळी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घाला. खर्च फक्त मेहनतीचा. थरथर स्टेअरिंगमधून सीटकडे सरकली तर चाकात दोष आहे, जशीच्या तशी राहिली तर खाली ॲक्सलकडे बघा.

अलाइनमेंटबद्दल एवढंच की टो (पुढची चाकं समोरून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) चुकला तर टायर झिजतो, पण नुसत्या टोमुळे सहसा थरथर येत नाही. आणि हलणं फक्त ब्रेक लावल्यावरच येत असेल तर ब्रेकचा ड्रम बघा.

नवीन पाट्यांचे यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे) मात्र भरलेल्या गाडीच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर पुन्हा आवळायचेच. पाटे दबून बसतात, बोल्ट सैल पडतात, आणि ॲक्सल तिरका सरकला की गाडी एका बाजूला ओढायला लागते.