गंज काढणे, घरगुती आम्लांनी

लोखंडाच्या किंवा पोलादाच्या जुन्या भागांवर चढलेला गंज व्हिनेगर, सायट्रिक आम्ल, लिंबाचा रस अशा सौम्य आम्लांत विरघळवून काढण्याची पद्धत. बिजागऱ्या, पाने, छिन्न्या, नट-बोल्ट, सायकलीचे सुटे भाग यांसाठी ती विशेष सोयीची आहे. कारण कानस किंवा तारेचा ब्रश जिथे पोहोचत नाही, त्या आट्यांत आणि खाचांत द्रव आपोआप शिरतो, आणि घासून पुसट झाली असती अशी कोरीव अक्षरे व मापाच्या खुणा बहुधा शाबूत राहतात.

गंज म्हणजे मुख्यतः पाण्याचा अंश असलेले फेरिक ऑक्साइड. ते ज्या लोखंडापासून बनते त्याच्यापेक्षा बरीच जास्त जागा व्यापते, म्हणूनच गंजलेला नट बोल्टवर आवळल्यासारखा अडकून बसतो. आम्लातील हायड्रोजन आयनांची या ऑक्साइडशी विक्रिया होऊन लोहाचे क्षार आणि पाणी तयार होते. सायट्रिक आम्लाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की त्याचा रेणू लोहाच्या आयनाला एकाच वेळी अनेक ठिकाणी पकडून द्रावणात धरून ठेवतो. त्यामुळे सुमारे ५ टक्के ॲसिटिक आम्ल असलेल्या व्हिनेगरपेक्षा ते सहसा अधिक चांगले काम करते, शिवाय त्याला उग्र वासही नसतो. एक लिटर कोमट पाण्यात त्याची ५० ते १०० ग्रॅम पूड पुरते. कोलासारख्या पेयांत फॉस्फोरिक आम्ल असते, पण ते इतके थोडे असते की काम रेंगाळते आणि साखरेचा चिकटपणा मागे उरतो.

आम्ल गंज संपल्यावर थांबत नाही, हे मात्र कधीही विसरू नये. गंज गेल्यावर उघडे पडलेले लोखंडही ते हळूहळू खाते आणि त्यातून हायड्रोजन वायूचे बुडबुडे निघतात. म्हणून भांडे झाकावे, पण घट्ट बंद करू नये. भाग आधी साबणाने धुऊन तेल व ग्रीस काढावे लागते, कारण तेलकट जागेपर्यंत आम्ल पोहोचत नाही. मग तो पूर्ण बुडवावा. अर्धवट बुडवल्यास द्रवाच्या पातळीशी धातूवर कायमची रेघ उमटू शकते. हलका गंज काही तासांत सुटतो, जाड थराला रात्रभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. अधूनमधून बाहेर काढून घासणीने घासून पाहणे हाच वेळ ठरवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. बिडाच्या आणि जास्त कार्बन असलेल्या पोलादाच्या वस्तूंवर या वेळी काळी साय येते. ती गंज नसून न विरघळणारा कार्बन असतो, आणि घासल्यावर निघून जातो.

बाहेर काढलेला भाग काही मिनिटांतच पुन्हा तांबूस पडू लागतो, आणि अनेकांची मेहनत इथेच वाया जाते. त्यामुळे तो लगेच भरपूर पाण्याने धुवावा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेले आम्ल निष्प्रभ करावे, पुन्हा धुवावा, गरम हवेने आट्यांसकट पूर्ण कोरडा करावा आणि ऊब असतानाच त्यावर तेलाचा हात फिरवावा.

जस्ताचा मुलामा दिलेल्या वस्तू आम्लात टाकू नयेत, कारण गंजाआधी जस्तच विरघळते. पितळी किंवा ॲल्युमिनियमचे भाग जोडलेले असल्यास ते आधी सुटे करावेत. निळसर-काळी झिलई दिलेल्या पोलादावरील थर हा लोहाचाच ऑक्साइड असल्याने गंजाबरोबर तोही जातो. तापवून व झटकन थंड करून कडक केलेल्या स्प्रिंगा व उच्च ताकदीचे बोल्ट यांना अधिक धोका असतो: विक्रियेतील हायड्रोजन धातूत शिरून त्यांना ठिसूळ करतो, आणि वरून निर्दोष दिसणारा भाग भार पडताच तुटू शकतो. ज्यांच्यावर कुणाची सुरक्षितता अवलंबून आहे असे भाग बदलणेच योग्य.

संडास स्वच्छ करण्याच्या काही द्रवांतील हायड्रोक्लोरिक आम्ल गंज झपाट्याने काढते, पण त्याच्या वाफांनी जवळपासची चांगली हत्यारेही गंजतात. ऑक्झॅलिक आम्ल प्रभावी असले तरी विषारी आहे. कोणतेही आम्ल वापरताना हातमोजे व चष्मा घालावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि ते ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.