टोक कुठंय?

“हाताला सलाईन चालूय की, डॉक्टर. मग मानेत कशाला?”

सासवडहून आईला पुण्याच्या आयसीयूत घेऊन आलेल्या मुलाचा प्रश्न रास्त होता. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरून आजींचा रक्तदाब कोसळला होता. तो वर धरायला नॉरॲड्रेनलिन द्यायचं होतं. हे औषध रक्तवाहिन्या आवळतं. हातातून ते काही काळ देता येतं. पण बारीक शिरेतून बाहेर पाझरलं तर भोवतालची कातडी काळी पडून मरू शकते. हृदयाच्या तोंडाशी असलेल्या महाशिरेत मात्र मिनिटाला साधारण २ लिटर रक्त वाहतं. तिथं औषध पडल्या पडल्या पातळ होतं. केमोथेरपीची काही औषधं, तीव्र पोटॅशियम, शिरेतून दिलं जाणारं संपूर्ण पोषण, या सगळ्यांना हाच रस्ता लागतो. म्हणून मानेतून, हासळीच्या हाडाखालून किंवा दंडातून एक लांब नळी आत सरकवतात. तीच सेंट्रल लाइन.

१९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरनं कोपराच्या शिरेतून स्वतःच्याच शरीरात ६५ सेंटिमीटर नळी घातली आणि तशीच लोंबती ठेवून तो चालत एक्स-रे विभागात गेला. त्याला एकच गोष्ट पाहायची होती: टोक हृदयात पोचलं का? १९५६ साली त्याला नोबेल मिळालं. मधे, १९५३ साली, स्वीडनच्या सेल्डिंगर या डॉक्टरनं आज सगळे वापरतात ती रीत दाखवली. आधी सुई, सुईतून तार, मग सुई काढून तारेवरून नळी.

सुई नेमकी शिरेत कशी न्यायची, हा प्रश्न तरी उरलाच. पेशवेकाळात कात्रजहून शनिवारवाड्याकडे पाणी आणणारा नळ जमिनीखालून गेला होता, आणि वरचे उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी बांधलेली तोंडं, पाहून त्याची वाट कळायची. आम्हीही तसंच शिकलो. मानेच्या स्नायूंचा त्रिकोण, बोटाखाली धमनीचा ठोका, तिच्या बाहेरच्या अंगाला सुई. पण प्रत्येकाची मान सारखी नसते. काहींची शीर धमनीच्या बाजूला न राहता थेट वर चढलेली असते आणि डोकं फार वळवलं की ती आणखी सरकते. शिकाऊ असताना माझी सुई एका काकांच्या धमनीत गेली. लालभडक रक्त ठोक्यासरशी उसळलं. सुई काढून बराच वेळ दाबून धरलं, काका सुखरूप राहिले. त्या दाबून धरलेल्या बोटांखालचा ठोका मी विसरलेलो नाही.

आज मानेवर सोनोग्राफीचा प्रोब असतो. आपल्या कानांना सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हा प्रोब सेकंदाला सुमारे १ कोटी कंपनं सोडतो. दीड सेंटिमीटर खोल असलेल्या शिरेवरून प्रतिध्वनी परतायला सेकंदाचा पन्नास हजारावा भागही लागत नाही. पडद्यावर दोन काळी वर्तुळं दिसतात. प्रोब हलकेच दाबला की शीर चपटी होते, धमनी गोल राहून धडधडत असते. शीर दबलीच नाही, तर आत गुठळी असू शकते, मग मानेची दुसरी बाजू पाहायची. हे वरून बोटांना कधीच कळलं नसतं.

तरीही चित्र दिसतंय म्हणून निर्धास्त होऊ नये, हे मी विद्यार्थ्यांना रोज सांगतो. प्रोब शरीराचा एक पातळ काप दाखवतो. त्या कापात चमकणारा ठिपका सुईचा मधला भाग असू शकतो. टोक केव्हाच पुढं, खोल गेलेलं असतं. म्हणून प्रोब पुढं सरकवत न्यायचा, ठिपका जिथं दिसेनासा होतो तिथं टोक. मग सुई किंचित पुढं, पुन्हा प्रोब पुढं. माझ्या मते सगळं कौशल्य या दोन-दोन मिलिमीटरच्या चालीत आहे.

तार आत गेली की पुन्हा पडदा पाहायचा. तार शिरेतच आहे ना? याच्या पुढची पायरी म्हणजे डायलेटर, वाट रुंद करणारी जाडसर नळी. धमनीला सुईचं भोक पडलं तर बहुधा दाबून भागतं. डायलेटरचं पडलं तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. शेवटी एक्स-रे. नळीचं टोक महाशिर हृदयाला मिळते त्या जागेजवळ हवं, आणि फुप्फुसाला धक्का लागलेला नको. दंडातून घातलेल्या पिक लाइनमध्ये ईसीजीवरही हे कळतं: टोक हृदयाजवळ येतं तशी आलेखातली ‘पी’ लहर उंच होत जाते.

आजींची लाइन दहा मिनिटांत झाली. खरी काळजी त्यानंतरची. ही नळी म्हणजे जंतूंना थेट रक्तात नेणारा रस्ता. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शंभरावर आयसीयूंनी साध्याच गोष्टी काटेकोर पाळल्या: हात धुणं, टोपी-मास्क-गाऊन आणि पूर्ण अंगभर निर्जंतुक चादर, कातडीला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, शक्यतो जांघ टाळणं, आणि गरज संपली की लाइन काढणं. २००६ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात रक्तातल्या संसर्गात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली होती. त्यामुळे औषध जोडण्याआधी नळीचं तोंड नीट घासून पुसणाऱ्या सिस्टरला “जरा लवकर” म्हणू नका. केमोसाठी पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्यांनी पिक लाइनचं पारदर्शक ड्रेसिंग आंघोळीत भिजू देऊ नये. कड सुटली तर आठवडा भरायची वाट न पाहता ते बदलून घ्यावं.

चौथ्या दिवशी आजींचं नॉरॲड्रेनलिन बंद झालं, तशी लाइन काढायची ठरली. त्या उठून बसायला लागल्या होत्या. “आजी, आडवं व्हा,” मी म्हटलं. बसलेल्या माणसाची लाइन काढली तर मानेतून हवा आत शोषली जाऊ शकते आणि ती जिवावर बेतते. त्यांना सपाट झोपवलं, श्वास सोडता सोडता नळी ओढली, पाच मिनिटं दाबून धरलं आणि हवाबंद पट्टी लावली. मग ती नळी उजेडात धरून पाहिली. टोक शाबूत होतं.