वसाहतकालीन प्राच्यविद्या आणि ‘अनास्’चा वाद

१७८४ला कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी निघाली तिथपासून साधारण दीडेकशे वर्षं युरोपियन विद्वानांनी वेद, संस्कृत आणि हिंदू धर्मावर जे काम केलं त्याला प्राच्यविद्या म्हणतात, आणि त्यात राज्यकर्त्यांची नजर कुठे कुठे शिरली हा या नोंदीचा विषय आहे. ढोबळ उदाहरण जेम्स मिलचं. भारतात कधीही न येता त्याने १८१७मध्ये भारताचा इतिहास छापला आणि त्याचे हिंदू, मुस्लिम, ब्रिटिश असे तीन तुकडे केले, म्हणजे पहिल्या दोन काळांना धर्माचं नाव आणि स्वतःच्या काळाला मात्र देशाचं.

१७८६च्या भाषणात विल्यम जोन्स संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका मुळातून आल्या असाव्यात असं म्हणाला तेव्हा मुद्दा भाषेचा होता, एकोणिसाव्या शतकात तो हळूहळू वंशाचा झाला, म्हणजे या भाषा बोलणारे आर्य हा बाहेरून आलेला वेगळा वंश आहे असं धरलं जाऊ लागलं.

हे कसं झालं ते ऋग्वेद ५.२९.१०मधल्या एका शब्दात चांगलं दिसतं. दस्यूंना, म्हणजे ऋग्वेदातल्या आर्यांच्या शत्रूंना, तिथे ‘अनासः’ म्हटलंय. फोड अ + नास केली तर बिननाकाचे, अन् + आस् केली तर बिनतोंडाचे, म्हणजे ज्यांना बोलता येत नाही असे. वेदांवर भाष्य लिहिणाऱ्या चौदाव्या शतकातल्या सायणाचार्यांनी दुसरा अर्थ घेतलाय, आणि त्याच ऋचेत पुढे ‘मृध्रवाचः’ हे वाणीबद्दलचंच विशेषण आहे, त्यामुळे तोच जास्त पटतो. पण मॅक्स म्यूलर या जर्मन संस्कृत पंडिताने नाकाचा अर्थ धरला, मग रिस्लीने तो चपट्या नाकाच्या मूळ रहिवाशांचा पुरावा म्हणून वापरला. हा रिस्ली म्हणजे १९०१च्या जनगणनेचा कमिशनर, नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले १०० असा नेझल इंडेक्स काढून जातींची उतरंड समजावणारा! एका संदिग्ध शब्दावर एवढा डोलारा उभा राहिला याचं खरंच वाईट वाटतं. म्यूलरने स्वतः १८८८मध्ये लिहिलं की आर्य वंश, आर्य रक्त म्हणणं हे लांबट डोक्याचा शब्दकोश म्हणण्याइतकंच चूक आहे, तोवर उशीर झाला होता.

वेदांच्या काळाचंही तसंच, म्यूलरने १८५९मध्ये वैदिक वाङ्मयाच्या जुन्या थरांना सरसकट दोनशे-दोनशे वर्षं देऊन इ. स. पू. १२००च्या आसपासचा आकडा काढला, तो किमान अंदाज होता पण पाठ्यपुस्तकांत पक्का होऊन बसला. टिळकांनी १८९३मध्ये मृगशीर्षातल्या वसंतसंपातावरून (वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हाच्या सूर्याच्या जागेवरून) वेदांचा काळ इ. स. पू. ४०००च्या मागे नेला, ते फारसं मान्य झालं नाही.

मात्र पूर्वग्रह होता म्हणून सगळंच खोटं असं होत नाही. जोन्सने सुचवलेल्या इंडो-युरोपीय भाषाकुळाची कल्पना आजही टिकून आहे, आणि २०१९च्या जनुकीय अभ्यासांत इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात स्टेपकडून, म्हणजे युरेशियातल्या गवताळ प्रदेशाकडून, लोक आल्याचं दिसतं, अर्थात ते आक्रमण होतं असं त्यातून निघत नाही.

महाराष्ट्रात हाच सिद्धांत जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) उलटा फिरवला, बाहेरून आलेले आर्य ब्राह्मण ते आक्रमक आणि शूद्रातिशूद्र इथले मूळ मालक.