हात हलला तरी दहा, बोट चुकलं की सात

पिस्तूल नेमबाजी शिकायला आलेल्या नवख्या मुलाला पहिली काळजी असते ती हात हलण्याची. 2023 साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने पिस्तुलात दोन कांस्यपदकं मिळवली, आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंत हा खेळ निदान ऐकून तरी माहीत झाला. पण एनसीसीत जमिनीवर पडून रायफल चालवलेली मुलंसुद्धा एका हातात पिस्तूल धरलं की गडबडतात. नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, म्हणजे फोरसाइट, नाचतं, आणि ते थांबवण्यासाठी ती मूठ आणखी आवळतात. त्यांना सांगायचं ते एवढंच की हात सगळ्यांचाच हलतो. गुण जातात ते ट्रिगरवरच्या बोटापायी.

जिवंत स्नायू कधीच पूर्ण स्थिर नसतो. निरोगी माणसाच्या ताणलेल्या हातात सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा बारीक कंप असतो, त्यावर हृदयाच्या ठोक्याचा धक्का आणि श्वासाची हळू वर-खाली चाल बसते. सराव, योग्य उभं राहणं आणि भरपूर व्यायाम यांनी हा कंप लहान होतो, नाहीसा होत नाही. औषधाने तो दाबायचा प्रयत्न झालेला आहे: 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची पिस्तुलातली दोन्ही पदकं काढून घेतली गेली, कारण त्याच्या तपासणीत प्रोप्रॅनोलॉल सापडलं. हृदयाची गती आणि हाताचा कंप कमी करणारी ही बीटा-ब्लॉकर औषधं नेमबाजीत बंद आहेत.

आता थोडं गणित करू, कारण ते एकदा पटलं की पुढचा सराव आपोआप कळतो. 10 मीटर एअर पिस्तुलात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर, आणि पेलेट, म्हणजे हवेच्या दाबाने सुटणारी बारीक गोळी, 4.5 मिलिमीटरचं. पेलेटची कड वर्तुळाला नुसती लागली तरी वरचा गुण मिळतो, म्हणजे मध्यापासून 8 मिलिमीटरपर्यंत चूक झाली तरी दहा! फोरसाइट बॅकसाइटच्या, म्हणजे डोळ्याकडच्या मागच्या साइटच्या, खाचेत नीट मधोमध आहे, दोघांच्या वरच्या कडा एका रेषेत आहेत, आणि अशी जुळलेली जोडी लक्ष्यावर 5 मिलिमीटर डावीकडे सरकली, तर पेलेटही 5 मिलिमीटरच सरकतं. दहा शाबूत राहतो.

पण फोरसाइट खाचेतच सरकलं तर? दोन साइटमधलं अंतर साधारण 32 सेंटिमीटर धरा. लक्ष्य 10 मीटरवर, म्हणजे जवळजवळ 31 पट लांब. फोरसाइट खाचेत 1 मिलिमीटर हललं की लक्ष्यावर 31 मिलिमीटरची चूक, म्हणजे सात. पाव मिलिमीटर हललं तर दहा कसाबसा वाचतो. संपूर्ण हाताचं डुलणं लक्ष्यावर जसंच्या तसं दिसतं आणि बरंचसं माफ होतं, तर मनगटातला कोन बदलला की तो 31 पटीने वसूल होतो. आणि शेवटच्या क्षणी हा कोन बिघडवतं ते बोट.

नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असावा लागतो. स्पर्धेआधी नळी उभी धरून ट्रिगरवर 500 ग्रॅमचं वजन लटकवतात. ट्रिगर न सुटता ते उचललं गेलं तरच पिस्तूल पास. पिस्तुलाचं स्वतःचं वजन सुमारे एक किलो असतं, म्हणजे जे शस्त्र आपण पाव मिलिमीटरनेही वाकू द्यायचं नाही, त्यावरच त्याच्या निम्म्या वजनाएवढा जोर टाकायचा. तो जोर सरळ मागे न जाता 10 अंश तिरका गेला, तर 85 ग्रॅमच्या आसपास भार बाजूला पडतो. उजव्या हाताच्या नवख्याच्या पेलेटांचा झुबका डावीकडे आणि खाली जमतो, तो बहुतेकदा इथूनच.

शरीररचनाही मदतीला येत नाही. बोटांच्या आत स्नायू नसतात. तर्जनी वाकवणारे मुख्य स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि लांब दोरीसारख्या कंडरांतून बोटाला ओढतात. शेजारच्या बोटांचे स्नायूही तिथेच, एकमेकांत गुंतलेले. गोव्यात गावोगावी भजनाची परंपरा आहे, त्यामुळे हार्मोनियमवर बसलेल्या पोराची अडचण इथे सगळ्यांना ठाऊक असते: अनामिका दाबायला जावं तर करंगळीही खाली येते. तर्जनी त्या मानाने स्वतंत्र, पण पुरती नाही. ती झटक्यात दाबली की बाकीची तीन बोटंही मूठ आवळतात आणि नळी खाली जाते. म्हणून ग्रिपवरची पकड उचलण्याच्या आधीच पक्की करायची, आणि गोळी सुटून सेकंदभर होईपर्यंत ती ना वाढवायची ना सैल सोडायची. पावसाळ्यातल्या इथल्या दमट हवेत तळवा घामाने निसरडा होतो आणि कळत नकळत पकड वाढत जाते. प्रत्येक शॉटआधी हात कोरडा पुसणं ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण माझ्या मते जून ते सप्टेंबर गोव्यात तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

मग मुलं झटका का मारतात? कारण डोळा त्यांना फसवतो. साइट नाचत नाचत काळ्या वर्तुळाखाली क्षणभर अगदी मनासारखी येते, आणि मेंदू ओरडतो, "आता!" डोळ्याने पाहिल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. सेकंदाला दहा वेळा कापणारा हात तेवढ्यात दोन पूर्ण हेलकावे खाऊन मोकळा होतो. जो क्षण पकडायला गेलो तो केव्हाच गेलेला, आणि वर घाईने झटका बसलेला.

उपाय उलटा आहे. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो: पहिला हलका, दुसऱ्यावर शॉट सुटतो. पहिला टप्पा, लक्ष्याच्या वर उचललेला हात खाली येतानाच घ्यायचा. साइट लक्ष्याखालच्या पांढऱ्या पट्टीत स्थिरावू लागली की दुसऱ्या टप्प्यावर दाब सुरू करायचा आणि हात हलत असतानाच तो वाढवत न्यायचा, न थांबता. नजर फोरसाइटच्या कडेवर. लक्ष्य धूसर दिसलं पाहिजे. शॉट नेमका कधी सुटेल ते आपण ठरवायचं नाही. ऐकायला हे सोपं, पण हात हलताना दिसत असूनही दाब वाढवत राहायला धीर लागतो, आणि तो धीर पेलेट उडवून येत नाही.

तो येतो कोऱ्या भिंतीसमोर. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, पेलेटांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवा, एअर पिस्तुलाची ड्राय फायरची (पेलेटशिवाय नुसता ट्रिगर दाबण्याची) सोय चालू करा, आणि पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभे राहा. लक्ष्य नाही, म्हणजे "आता!" म्हणण्याजोगं काही नाही. डोळ्यासमोर फक्त खाच आणि तिच्यात फोरसाइट, दोन्ही बाजूंना उजेडाच्या दोन सारख्या पट्ट्या. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला मांसल भाग ट्रिगरवर, बोटाचा बाकीचा भाग ग्रिपपासून सुटा. दाबत जा. ट्रिगर सुटल्याचा टक् आवाज होईल तेव्हा त्या दोन पट्ट्यांकडे बघा. डावीकडची अरुंद झाली? बोटाने डावीकडे ढकललं. फोरसाइट खाली बुडालं? मूठ आवळली गेली. टक् झाल्यावरही बोट मागेच धरून एक श्वासभर बघत राहा. चूक कुठे झाली ते याच श्वासात दिसतं. नळीवर नाणं ठेवून करायचा व्यायाम लोकप्रिय आहे, पण मला तो अपुरा वाटतो. मोठा झटका त्यात पकडला जातो, पाव मिलिमीटरची चूक मात्र नाणं न पडताच होऊन जाते.

काडतूस वापरणाऱ्या .22 च्या पिस्तुलात आणखी एक शत्रू असतो: धक्क्याची आगाऊ भीती. बार होणार हे माहीत असल्याने मनगट आधीच खाली दाबलं जातं. रेंजवर प्रशिक्षकाने मॅगझिनमध्ये मधेच एखादं नकली काडतूस घालून द्यावं. ज्या वेळी बार होत नाही, त्या वेळी नळी खाली मारलेली सगळ्यांना दिसते, आणि नेमबाजालाही. इथे समजावून सांगण्याची गरजच उरत नाही.

मनातल्या बोलण्याचाही भाग आहे. 1984 मध्ये ब्रॅड हॅटफिल्ड आणि सहकाऱ्यांनी कसलेल्या रायफल नेमबाजांच्या मेंदूच्या लहरी मोजल्या. ट्रिगर दाबण्याआधीच्या काही सेकंदांत मेंदूच्या डाव्या बाजूच्या, कानाजवळच्या भागात अल्फा लहरी वाढलेल्या दिसल्या, म्हणजे भाषेशी संबंध असलेला तो भाग निवांत होत होता. स्वतःला सूचना देत ट्रिगर दाबणं ही शिकण्याची पायरी आहे. स्पर्धेत ते बोलणं गळून पडलेलं असावं लागतं, आणि भिंतीसमोरच्या पुनरावृत्तीनेच ते गळतं.

25 मीटरच्या पिस्तुलात तर सूचनांना वेळच नसतो. ट्रिगर किमान 1000 ग्रॅमचा, आणि जलद फेरीत प्रत्येक गोळीसाठी 3 सेकंद. हात 45 अंशांवरून उचलायचा, नेम धरायचा आणि मारायचं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता-पालेंबांग आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं. इथे दाब वाढायला सुरुवात हात वर येत असतानाच झालेली असते. साइट पोचल्यावर बोट हलवू म्हटलं तर उशीर, आणि उशीर झाला की झटका आलाच.

10 मीटरमध्ये मात्र घाईचं कारण नाही. 60 शॉटना 75 मिनिटं, म्हणजे शॉटमागे सव्वा मिनिट. हात उचलून आठ-दहा सेकंद झाले, दाब मधेच अडकला, तर पिस्तूल खाली घ्या, श्वास घ्या, पुन्हा उचला. ज्याला भिंतीसमोर असे शॉट सोडून द्यायची सवय आहे, तोच स्पर्धेत लेनवर सोडू शकतो.